झेंडूची माळ आणि दोन कॅमेरे

संपादकांनी फोनवर सांगितले, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. कॅमेऱ्यात काय काय सापडतं ते. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं."

गमती आहेत. चिखलीतल्या एका सोसायटीच्या अध्यक्षांना जिन्याखालच्या कुत्र्यांना पोळ्या कोण घालतो हे शोधायचे होते. त्यासाठी कॅमेरा बसवला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याच सौभाग्यवती पोळ्यांचा डबा घेऊन खाली उतरताना दिसल्या. अध्यक्षांचा फोन आला, "गायकवाड, हा कॅमेरा जरा वर फिरवता येईल का?" फिरवून दिला. तो आजही छताकडे पाहतो.

चाकणच्या मार्केटात एका कांद्याच्या आडत्याकडे गेलो होतो. त्याला कॅमेरे हमालांवर हवे होते, दारावर हवे होते, ट्रकच्या फाळक्यावर हवे होते. वजनकाट्यावर एक लावू का, असे विचारले. तो म्हणाला, "काट्यावर कशाला राव? काट्याला काय पाय फुटलेत?" तिथे उभे असलेले शेतकरीही हसले. मीही हसलो.

तिसरी घटना सांगताना हसू येत नाही. ती छापायची नसेल तर हा लेख परत पाठवावा, असे संपादकांना कळवले आहे.

हा धंदा माझा मूळचा नव्हे. मी एका दैनिकाच्या पिंपरी कार्यालयात बातमीदार होतो. आवृत्ती बंद झाली, तेव्हा मेहुण्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानात उभा राहिलो आणि नंतर ते दुकानच चालवू लागलो. बातमीदारीत शिकवले होते की कोणी पाहिले, कुठून पाहिले आणि केव्हा पाहिले हे आधी लिहावे. विशेषणे शक्यतो टाळावीत. पुढचा मजकूर त्याच पद्धतीने लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. जमेलच असे नाही.

गिऱ्हाईक दुकानात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अ‍ॅनालॉग घ्यावं की डिजिटल?" त्याचे साधे उत्तर असे. अ‍ॅनालॉग कॅमेरा चित्र विजेच्या लहरीच्या रूपात पाठवतो. टीव्हीच्या जुन्या केबलसारखी जाड वायर असते, ती रेकॉर्डरच्या डब्यापर्यंत जाते आणि तो डबा चित्र साठवतो. डिजिटल कॅमेरा स्वतःच एक छोटा संगणक असतो. तो चित्राचे आकडे जागेवरच तयार करतो आणि नेटवर्कच्या वायरीने पाठवतो. त्याच वायरीतून त्याला वीजही मिळते. डिजिटलचे चित्र स्वच्छ असते. त्यात कामगाराच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव वाचता येते. अ‍ॅनालॉगमध्ये बिल्ला पांढरा ठिपका दिसतो.

आजारपणही दोघांचे वेगळे. वेल्डिंग मशीनजवळून वायर गेली की अ‍ॅनालॉगच्या चित्रात पट्टे धावू लागतात, पण पट्ट्यांच्या मागे माणसे दिसत राहतात. डिजिटल बिघडला की चित्रच नसते. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक विकणारे सहसा सांगत नाहीत. स्वच्छ चित्र जागा खाते. ज्या हार्ड डिस्कवर जुने अंधूक चित्र महिनाभर टिकते, तिच्यावर नवे स्वच्छ चित्र आठवडाभर टिकते. डिस्क भरली की नवे रेकॉर्डिंग सर्वांत जुन्याच्या जागी बसते. कोणाला काही पुसावे लागत नाही. ते आपोआप पुसले जाते.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. नाव देत नाही. तिथले जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे माझ्या आधी दुसऱ्या कोणीतरी बसवले होते. मालकांनी मला बोलावले ते नवे डिजिटल लावण्यासाठी. मोठी डिस्क घ्या, नाहीतर आठवड्याच्या वर काही राहणार नाही, असे मी सांगितले. मालक म्हणाले, "आठवड्यापूर्वीचं बघून मला काय करायचंय? मला आजचं दाखवा. कोण मोबाइलवर आहे, कोण जागा सोडून फिरतंय." कॅमेरे त्याप्रमाणे लागले. पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसवर काम करणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर एक. मशीनची बाजू, बटणांची पेटी, किल्ल्या यांपैकी काही त्यात येत नव्हते. कोणी मागितलेही नव्हते.

जुने कॅमेरे निघायचे होते. ते राहिले एका माणसामुळे. मारुती हा गेटवरचा सुरक्षारक्षक, खेड तालुक्यातल्या जुन्या गावातला. त्याच्या केबिनमध्ये जुना टीव्ही होता. नव्या मॉनिटरवर सोळा चौकोन पाहून तो वैतागला.

"ह्यात मान्सं मुंग्यांवानी दिसत्यात. आमी नाय बघनार. माझा जुनाच ऱ्हाऊ द्या."

"मारुतीबाबा, जुन्यात तोंड ओळखू येत नाही."

"तोंड कशाला वळखायचं? भंगार उचलून पळणारा पाठमोराच पळतुय की."

जुने चार कॅमेरे मुळात भंगारचोरीसाठीच लावलेले होते. प्रेस शॉपच्या खांबावरचा कॅमेरा भंगाराच्या पेटीवर रोखलेला होता. पेटीच्या मागे कडेच्या प्रेसची बाजू आणि तिची बटणांची पेटी कोपऱ्यात येत असे. मालकांनी हात झटकले, "राहू दे त्याचं खेळणं." ते राहिले.

आता प्रेसबद्दल. पॉवर प्रेस वरून दाब देऊन पत्रा कापते किंवा वाकवते. पत्रा आत ठेवताना हात मशीनच्या तोंडाशी जातो. म्हणून तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये न दिसणारे किरण असतात. हाताने किरण तोडले की मशीन जागच्या जागी थांबते. कामगार त्याला सेन्सर म्हणतात. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना सेन्सर बंद करावा लागतो, त्यासाठी बटणांच्या पेटीवर एक किल्ली असते. ती किल्ली उत्पादन व्यवस्थापकाच्या ताब्यात असायला हवी. या कारखान्यातले व्यवस्थापक ढमाले.

खंडेनवमीला आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात मशीनची पूजा होते. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हती, पण त्या दिवशी मशीन धुऊनपुसून लख्ख करण्यात ते सर्वांच्या पुढे असत. त्या प्रथेबद्दल माझी तक्रार नाही. जे घडले ते असे. त्या वर्षी कडेची प्रेस धुतली. कुंकू लावले, समोर रांगोळी काढली. झेंडूची मोठी माळ बांधायला सोयीची जागा कोणती, तर सेन्सरच्या दोन पट्ट्या. एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत माळ तोरणासारखी बांधली. नारळ फुटला. आता मालकांच्या हस्ते शुभारंभाचा एक स्ट्रोक मारायचा, म्हणजे प्रेस एकदा खाली आणायची. मशीन चालेना. सेन्सरला माळ आणि हात यांतला फरक कळत नाही.

पूजेला आलेले पाहुणे उभे होते. पेढे वाटायचे होते. कोणीतरी पेटीकडे गेले आणि किल्ली फिरवली. स्ट्रोक झाला. टाळ्या पडल्या.

पूजेची माळ हाताने तोडायची नाही, आपोआप सुकून पडू द्यायची, असा तिथला शिरस्ता. माळ आहे तोवर सेन्सर चालू केला तर मशीन चालणार नाही. मशीन तर चाललीच पाहिजे, डिस्पॅच दिवाळीचा आहे. म्हणून सेन्सर बंदच राहिला. तिथल्या कामगारांना ते माहीत झाले आणि ते हात सांभाळू लागले. काही दिवसांनी माळ सुकून पडली. झाडणाऱ्याने उचलून नेली. किल्ली फिरवलेलीच राहिली.

छाया खिल्लारे ही त्या प्रेसवरची कंत्राटी कामगार. हिंगोलीकडची, कुदळवाडीत खोली करून राहणारी. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच ती रजेवर गेली होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, तिथून माहेरी. परत आली तेव्हा माळ नव्हती. मशीन नेहमीसारखी दिसत होती. सेन्सर बंद आहे हे तिला कोणी सांगितले नाही. ज्यांना सांगता आले असते, त्यांना वाटले की तिला कळलेच असेल. पहिल्याच शिफ्टला पत्रा आत अडकला. तो काढायला तिने नेहमीप्रमाणे हात घातला. आजवर हात घातला की मशीन थांबत होती.

उजव्या हाताची तीन बोटे गेली.

एका दैनिकात दोन ओळी आल्या. "महिला कामगार जखमी." ना नाव, ना मशीन. मी डेस्कवर असतो तर मीही कदाचित तेवढ्याच घेतल्या असत्या. जागा तेवढीच मिळते.

सरकारी खात्याचे निरीक्षक चौकशीला येणार म्हणून मालकांनी मला बोलावले. कंपनीचे म्हणणे लेखी तयार होते: पेटीला लटकणारी किल्ली छायाने स्वतःच फिरवली, सेन्सर बंद केला आणि हात घातला. मला सांगितले, "अपघाताची क्लिप काढून द्या. फक्त तेवढीच."

क्लिप काढली. मी या धंद्यात अनेक चित्रे पाहिली आहेत, इतके स्वच्छ चित्र क्वचितच पाहिले असेल. छायाचा चेहरा, बिल्ला, बांगड्या, हात आत जाणे. निरीक्षकांनी ती मालकांच्या केबिनमध्ये बसून पाहिली. ढमाले पडद्याकडे बोट करून म्हणाले, "साहेब, बघा. स्वतःहून हात घातलाय. क्लिअर आहे. याला आम्ही काय करणार?"

निरीक्षक शांत माणूस होते. प्रेसवरचे कुंकू त्यांनी येतानाच पाहिले होते. त्यांनी मला विचारले, "किल्ली दिसते का कुठे?"

"नाही. कॅमेरा चेहऱ्यावर आहे."

"पूजेच्या दिवसापासूनचं रेकॉर्डिंग?"

"आठवड्यापूर्वीचं पुसलं गेलंय."

ढमाल्यांनी खुर्चीत पाठ टेकली. तेवढ्यात चहा घेऊन आलेला मारुती दारातच थांबला.

"पण सायेब, माझ्या टीव्हीच्या डब्यात असंल की. त्ये महिनाभर ऱ्हातं, ह्या गायकवाड भाऊंनीच सांगितलं हुतं."

मालक माझ्याकडे वळले. "ते भंगार अजून चालू आहे?"

"चालू आहे," मी म्हणालो. "तुम्हीच राहू दे म्हणाला होता."

निरीक्षक उठून गेटवर गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. मारुतीच्या केबिनमध्ये दोघांपुरती जागा होती, बाकीचे दारात उभे राहिले. मी मागे जात जात पूजेच्या दिवसावर आलो. चित्रात पट्टे धावत होते, कारण शेजारी वेल्डिंगचे काम आहे. रांगोळी दिसली. माळ दिसली, केशरी आणि जाड. माणसे गोळा झालेली. मग भगवा फेटा बांधलेला एक माणूस गर्दीतून निघून बटणांच्या पेटीजवळ गेला, हात पुढे केला, मनगट फिरवले आणि परत आला. लगेच प्रेस खाली आली. सगळ्यांचे हात हलले. टाळ्यांचा आवाज त्यात नाही.

ढमाल्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. 

"याच्यावर तारीख बघा साहेब. तारीखच चुकीची आहे."

ते खरे होते. डब्यातल्या घड्याळाचा सेल संपलेला होता आणि पडद्यावर भलतीच तारीख होती. निरीक्षक म्हणाले, "तुमच्याकडे मशीनला झेंडूचं तोरण वर्षातून किती वेळा बांधतात?"

मारुती म्हणाला, "एकदाच की. खंडेनवमीला."

"मग तारीख कळली."

मग त्यांनी फेट्याबद्दल विचारले. फेटे मालकांनी स्वतः, ढमाल्यांनी आणि कंत्राटदाराने बांधले होते. तिघांचेही भगवेच, एकाच दुकानातून आणलेले. चेहरा दिसत नव्हता. तो माणूस कोण हे तिथला झाडणारासुद्धा सांगू शकला असता, पण त्याला कोणी विचारलेच नाही. आणि ज्यांना विचारले त्यांच्या गेटपासवर ढमाल्यांची सही असते. त्यांना आठवत नव्हते. कंपनीच्या वकिलांनी पुढे लिहून दिले की फेटा ही ओळख होऊ शकत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले. वाक्य कायद्याने बरोबर असावे.

अहवाल आला. छायाने किल्ली फिरवली, हे कंपनीचे म्हणणे फेटाळले गेले. तेवढे त्या अंधूक डब्याने केले. किल्ली कोणी फिरवली हे चित्रावरून निश्चित सांगता येत नाही, असे पुढे होते. आणि शेवटी, सेन्सर चालू असल्याची खात्री न करता हात मशीनमध्ये घालणे हा कामगाराचाही निष्काळजीपणा होय. किल्ली फिरवणाऱ्याला नाव नाही. निष्काळजीपणाला आहे. छाया खिल्लारे.

बातमीदार म्हणून मला विशेषणे वर्ज्य आहेत, म्हणून त्या वाक्याला लावत नाही. वाचणाऱ्याने आपली लावावीत.

त्यानंतर कारखान्यातून दोन कामांसाठी फोन आला. मला वाटले, एक कॅमेरा किल्लीच्या पेटीवर लावायचा असेल. मी तसे विचारलेही. ढमाले म्हणाले, "तिथं कशाला? तिथं कोण बसतंय?" पहिले काम होते मशीनवरच्या माणसांच्या समोरचे कॅमेरे आणखी खाली, हातांवर आणायचे. म्हणजे पुढच्या वेळी हात आणखी स्वच्छ दिसेल. दुसरे काम, खांबावरचे जुने कॅमेरे आणि गेटवरचा डबा काढून टाकायचा. "ऑडिटला बरं दिसत नाही ते."

मी दोन्ही कामे नाकारली. यात शौर्य काही नाही. या पट्ट्यात कॅमेरेवाल्यांना तोटा नाही, दुसऱ्याच दिवशी दुसरा आला. जुने कॅमेरे उतरले. फक्त डब्यातली डिस्क निरीक्षकांनी चौकशीसाठी काढून माझ्याकडून तिची प्रत करून घेतली होती, आणि चौकशी संपल्यावर ती प्रत माझ्या दुकानात राहिली. मारुतीची बदली दुसऱ्या साइटवर झाली. तो फोनवर एवढेच म्हणाला, "आता कसला टीव्ही आन् कसलं काय. इथं नुसतं उनात हुबं ऱ्हायाचं."

दसऱ्याला वर्ष होत आले तेव्हा छाया दुकानात आली. तिला मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहत होतो. चेहरा मात्र चांगला ओळखीचा होता. उजवा हात पदराखाली होता. तिने काउंटरवर डावा हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, ती चित्रफीत बघायची होती."

मी म्हणालो, "ताई, ती अपघाताची नका बघू."

"ती कामून बघू? ती मला पाठ हाय. पूजेची दाखवा."

डिस्क जोडली. रांगोळी, माळ, माणसे. ती खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसली. फेटेवाला गर्दीतून निघाला, तशी ती म्हणाली, "थांबवा. मोठं करा."

मोठे केले. अ‍ॅनालॉगचे चित्र मोठे केले की त्याचे चौकोन होतात.

"अजून मोठं करा."

आता पडद्यावर नुसते केशरी आणि करडे चौकोन होते. कुठला चेहरा, कुठली भिंत, काही कळत नव्हते. मी तिला तसे सांगितले. यापुढे यातून काही निघत नाही, साहेबांनाही निघाले नव्हते.

"मग बारीक करा. अन् चालवा."

चित्र पूर्वीच्या आकारात आले. माणूस पेटीकडे चालत गेला, परत आला. ती म्हणाली, "परत." तो पुन्हा गेला, पुन्हा आला. ती हसली. ते हसू गमतीचे नव्हते.

"ढमाले साहेब," ती म्हणाली. "उजवा खांदा बघा कसा पाडून चालतो. आठ तास आमच्या पाठीमागून चकरा मारतो ना. आम्ही मान वळवत नाही, वळवली की बोलणी बसतात. पायाच्या आवाजावरूनच कळतं कुठवर आला ते. पूर्ण लाइनला ठाव हाय."

"चौकशीत कोणी बोललं नाही."

"कोण बोलंल? त्यांला बी दोन हात हायत अजून."

मी चित्र थांबवले. तिने त्या थांबलेल्या माणसावर डाव्या हाताचे बोट ठेवले. मग तिने विचारले, "दादा, खरं सांगा. माझी बोटं दिसली तुमच्या नव्या क्यामेऱ्यात. नखांवरचा रंग सुद्धा दिसला म्हणले. याची चाल दिसली जुन्यात. मग अजून काय दिसायचं राह्यलं होतं त्यांला?"

दुकानात एक गिऱ्हाईक येऊन थांबले होते. तळवड्यातला वर्कशॉपवाला, शेडला कॅमेरे लावायचे होते. आमचे बोलणे थांबल्याचे पाहून त्याने ठरलेला प्रश्न विचारला, "भाऊ, अ‍ॅनालॉग घेऊ की डिजिटल?"

मी उत्तर देण्याआधी छायाने पदराखालचा हात बाहेर काढला आणि काउंटरवर ठेवला.

"आधी कुणाला बघायचंय ते सांगा," ती त्याला म्हणाली.